पीसीओएस सांभाळताना: पाळीपासून झोपेपर्यंत, एकेक पायरी

पीसीओएसचं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचं (बोलीत यालाच पीसीओडीही म्हणतात), निदान बहुतेक वेळा दोन वाक्यांत हातात पडतं. ‘सोनोग्राफीत पीसीओडी दिसतोय. वजन कमी करा, पाळीच्या गोळ्या लिहून देते.’ बाहेर पडताना बाईच्या मनात मात्र वेगळेच प्रश्न असतात. हनुवटीवरचे केस जाणार का? दुपारी डोळे मिटायला लागतात ते यामुळेच का? पाळी नेमकी परीक्षेच्या दिवशी येणार नाही ना? मूल होईल ना? आणि मूल नकोच असेल, तर उपचार कशासाठी घ्यायचे?

पाळीचा, वजनाचा किंवा मूल न होण्याचा आजार, अशीच पीसीओएसची ओळख करून दिली जाते. ज्यांना तो आहे त्यांच्यासाठी तो सकाळी आरशापुढे सुरू होतो आणि रात्री अंथरुणावरही सोबत असतो. सगळं एकदम दुरुस्त करायला निघालं की दोन महिन्यांत माणूस थकतं आणि सगळंच सोडून देतं. म्हणून माझं सांगणं असं: आपल्याला यातलं सर्वांत जास्त काय छळतंय ते ठरवा, तिथून सुरुवात करा. आणि जे वरून दिसत नाही पण दुर्लक्ष केल्यास महागात पडतं, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर, रक्तातली साखर आणि मनाची अवस्था, त्यावर नजर ठेवा.

आधी, शरीरात काय चाललंय ते

दर महिन्याला अंडाशयात काही बीजपुटिका, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या छोट्या पिशव्या, वाढायला लागतात. त्यातली एक पूर्ण वाढते, फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये ही वाढ अर्ध्यावर थांबते. साधारण २ ते ९ मिलिमीटरच्या अशा अर्धवट पुटिका अंडाशयात साठतात आणि सोनोग्राफीत त्याच दिसतात. त्या गाठी नव्हेत. त्यांचा कर्करोग होत नाही आणि त्या काढून टाकाव्या लागत नाहीत. अनेक जणी या ‘गाठीं’च्या भीतीत वर्षानुवर्षं राहतात, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

वाढ थांबते त्यामागे मुख्यतः दोन गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत असतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं. हे वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी समजली जाणारी संप्रेरकं, जास्त बनवायला लावतं. त्याच वेळी यकृतात बनणारं एक प्रथिन कमी होतं. हे प्रथिन ही संप्रेरकं बांधून ठेवतं, ते कमी झालं की मोकळं अँड्रोजेन वाढतं. मग चेहऱ्यावर राठ केस, मुरूम, डोक्यावरचे केस विरळ होणं आणि बीज बाहेर न पडणं हे सगळं मागोमाग येतं. इन्सुलिनची ही अडचण सडपातळ स्त्रियांमध्येही असते. ‘तू तर बारीक आहेस, तुला कसा पीसीओएस असेल?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या नोंदींवरून या आजाराचं वर्णन केलं. आज जगभरात मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहांतल्या एकीला तो असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत जणींचं निदानच झालेलं नसतं. आईला किंवा बहिणीला असेल तर शक्यता वाढते. तुम्ही काही चुकीचं खाल्लं किंवा आळस केला म्हणून तो झालेला नाही.

पहिली पायरी: तीन महिन्यांची नोंद

डॉक्टरांकडे जायच्या आधी किंवा जाऊन आल्यावरही, एक वही घ्या किंवा मोबाइलवर लिहा. पाळीचा पहिला दिवस, किती दिवस रक्तस्राव झाला, सर्वांत जास्त दिवशी किती वेळा पॅड बदलावं लागलं, एवढं तर लिहाच. पाळीचं चक्र मोजताना एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. पाळी थांबल्यापासून मोजायचं नाही. ही चूक फार सर्रास होते.

प्रौढ स्त्रीत २१ ते ३५ दिवसांचं चक्र नियमित धरतात. वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील तर ती अनियमितता. मुलींना वेगळं माप लावायचं: पहिली पाळी आल्यावर पहिलं वर्षभर चक्र वेडंवाकडं असणं स्वाभाविक आहे, आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं. मात्र पहिलं वर्ष उलटल्यावर एखादं अंतर ९० दिवसांच्या पुढे गेलं, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर दाखवायला हवं.

पाळीपलीकडचंही लिहा. केस काढायला रोज किती वेळ जातो, झोप किती आणि कशी झाली, जेवणानंतर गळून जायला होतं का, कोणत्या दिवशी कुठे जायचं टाळलं आणि का. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते मला. एखादी मुलगी पोहायला जाणं सोडते, फोटोत मागे उभी राहते, नोकरीच्या मुलाखतीला मुरूम आले म्हणून जात नाही. या गोष्टी कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाहीत, पण आजार किती बोचतोय याचं खरं माप त्यांच्यात असतं.

तीन महिन्यांनी वहीत पाहून तीनच ओळी लिहा: मला सर्वांत जास्त छळणाऱ्या तीन गोष्टी. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिल्या मिनिटात त्या वाचून दाखवायच्या.

पण पाळी तीन महिने आलेलीच नसेल, तर नोंद पूर्ण होईपर्यंत थांबू नका. आधी दाखवा.

दुसरी पायरी: निदान पक्कं करून घ्या

नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएस ठरत नाही. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही पायाभूत आहेत. तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: पाळी अनियमित असणं, अँड्रोजेन वाढल्याची शरीरावर किंवा रक्तात दिसणारी खूण, आणि सोनोग्राफीत अनेक पुटिका दिसणं. त्याआधी अशाच तक्रारी निर्माण करणारे बाकीचे आजार बाजूला काढावे लागतात. पाळी अनियमित आहे आणि अँड्रोजेनच्या खुणाही स्पष्ट आहेत, तर सोनोग्राफीची गरजच उरत नाही. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालते, दोन्ही करण्याची गरज नाही. किशोरवयीन मुलींत मात्र या दोन्हींवर विसंबत नाहीत. त्या वयात निरोगी अंडाशयातही पुष्कळ पुटिका असतात, म्हणून किशोरवयात निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये असं या सूचना सांगतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात केवळ सोनोग्राफीवरून ‘पीसीओडी’चा शिक्का देऊ नका, देऊ देऊ नका.

रक्ताच्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि सकाळच्या नमुन्यातलं १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या मुख्य. त्याआधी गर्भचाचणी. दोन बारकावे अनेकदा राहून जातात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना अँड्रोजेनची तपासणी खरं चित्र दाखवत नाही. त्या निदान तीन महिने बंद असाव्या लागतात, आणि त्या काळात गरज असल्यास दुसरं गर्भनिरोधक वापरायचं. दुसरं म्हणजे केसांसाठी घेतलं जाणारं बायोटिन. त्याने थायरॉइडसह काही संप्रेरकांच्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. घेत असाल तर नमुना देण्याआधीच सांगा.

आणखी एक गोंधळ मला गंभीर वाटतो. खूप कमी खाणं, अतिव्यायाम किंवा मोठा ताण यामुळेही पाळी बंद होते, आणि त्यातल्या काही जणींच्या सोनोग्राफीत अनेक पुटिका दिसतात. अशा मुलीला पीसीओएस समजून ‘आणखी वजन उतरव’ म्हटलं, तर तिचं नुकसान होतं. तिला खरं तर जास्त खाण्याची गरज असते. पाळी जाण्याआधीच्या काळात तुमचं वजन झपाट्याने उतरलं असेल, तर हे न विचारताही डॉक्टरांना सांगा.

आणि काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, केस झपाट्याने वाढले, स्नायू एकदम भरले, तर तो नेहमीचा पीसीओएस नसू शकतो. तिथे वाट न पाहता तपासून घ्यायचं.

तिसरी पायरी: पाळी आणि गर्भाशयाचं अस्तर

पाळी येत नाही म्हणजे त्रास नाही, असं वाटणं साहजिक आहे. आत मात्र वेगळं घडत असतं. बीज बाहेर पडलं नाही तर अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, आणि ते वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या एकट्या प्रभावाखाली गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. मग एके दिवशी ते अनावर होऊन अंगावर जायला लागतं, आठ-पंधरा दिवस थांबत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण वयात हा धोका एकूणात कमीच असतो, आणि तो टाळणं सोपं आहे. म्हणून नियम असा लक्षात ठेवा: गोळ्या चालू नसताना पाळीत ९० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही.

त्यासाठी पर्याय तीन. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, ठरावीक काळाने काही दिवस घ्यायची प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी, किंवा गर्भाशयात बसवलं जाणारं हार्मोनचं साधन. पहिल्या पर्यायाने केस आणि मुरूमही कमी होतात. पण प्रकाशाच्या रेषा दिसून उठणारी अर्धशिशी, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, वाढलेला रक्तदाब किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान यातलं काहीही असेल, तर या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत. मैत्रिणीला चालल्या म्हणून स्वतः सुरू करायच्या नाहीत.

गोळ्यांवर येणारा रक्तस्राव ही आतून आलेली पाळी नव्हे. गोळ्या बंद केल्यावर जुनी अनियमितता परतली, तर गोळ्यांनी बिघाड केला असंही नाही आणि उपचार फसले असंही नाही. त्या चालू असेपर्यंत अस्तर सांभाळत होत्या, एवढंच त्यांचं काम. त्यांच्यामुळे वंध्यत्व येत नाही.

रोजच्या सोयीचं थोडं. बॅगेत कायम दोन पॅड आणि अंतर्वस्त्राचा एक जोड ठेवा. प्रवासाच्या किंवा परीक्षेच्या काळात पाळी कधी येईल हे माहीत नसण्याचा ताण मोठा असतो, तो निम्मा याने उतरतो. दर तासाला पॅड पूर्ण भिजतोय आणि असं सलग दोन-तीन तास चाललंय, चक्कर येतेय, धाप लागतेय, तर थेट रुग्णालयात जा. बरेच दिवस अंगावर जात असेल तर हिमोग्लोबिन तपासा. थकव्याचं खापर संप्रेरकांवर फोडलं जातं आणि लोह कमी असल्याचं लक्षातच येत नाही.

पाळी अनियमित आहे म्हणून गर्भ राहणारच नाही असं कधीही धरू नका. बीज कधी बाहेर पडेल सांगता येत नाही, पण पडतं. मूल नको असेल तर गर्भनिरोधक हवंच.

चौथी पायरी: केस, मुरूम, मानेवरचा काळेपणा

या तक्रारींना ‘सौंदर्याचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारलं जातं, याचा मला राग येतो. रोज सकाळी घरातलं कोणी उठायच्या आत चिमटा घेऊन आरशासमोर उभं राहणारीला, कोणी जवळ येऊन बोलायला लागलं की हनुवटी हाताने झाकणारीला तो सौंदर्याचा प्रश्न नसतो. डॉक्टरांना हा त्रास स्पष्ट शब्दांत सांगा, आणि तपासणीला जाताना केस काढून गेला असाल तर तेही सांगा. नाहीतर त्यांना काही दिसणारच नाही.

औषधाने केस रातोरात जात नाहीत. केसांच्या वाढीचं चक्रच लांब असतं, त्यामुळे गोळ्यांचा परिणाम जोखायला निदान सहा महिने द्यावे लागतात. तोवर चिमटा, धागा, वॅक्स, रेझर जे सोयीचं ते वापरा. रेझरने केस दाट किंवा जाड होत नाहीत, टोक बोथट कापलं जातं म्हणून ते तसे भासतात. काळ्या केसांवर लेझर चांगलं काम करतं. पण आतला अँड्रोजेनचा पुरवठा चालूच असल्याने पीसीओएसमध्ये जास्त फेऱ्या लागतात आणि अधूनमधून पुन्हा करावं लागतं. सावळ्या त्वचेला कोणतं यंत्र योग्य हे जाणणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा, नाहीतर डाग पडू शकतात. चेहऱ्यावर आणि मानेवर क्वचित लेझरनंतर केस उलट वाढतात. तसं दिसलं तर पुढची फेरी न करता आधी विचारा.

गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी अँड्रोजेनला अडवणारी औषधं देतात. ती घेताना गर्भ राहता कामा नये, कारण मुलगा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मुरुमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन याबाबतीत आणखी कडक: त्याने गर्भात गंभीर व्यंगं येतात. डोक्यावरचे केस विरळ होत असतील तर मिनॉक्सिडिल लावतात. सुरुवातीचे काही आठवडे केस जास्त गळतात, तेव्हा घाबरून थांबवू नका.

गोरं करणारी किंवा ‘लगेच फरक’ दाखवणारी मलमं चेहऱ्याला लावू नका. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं आणि त्यानेच मुरूम आणि केस वाढतात.

मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा येतो, तो मळ नाही. घासून घासून कातडी सोलवटते, काळेपणा तसाच राहतो. ती इन्सुलिन वाढल्याची खूण आहे. त्यावरचा उपाय पुढच्या पायरीत आहे.

पाचवी पायरी: खाणं, हालचाल, झोप

पीसीओएसचा असा खास आहार नाही. २०२३च्या सूचनांनी उपलब्ध अभ्यास तपासून हेच म्हटलंय: कुठलीही एक आहारपद्धती दुसरीपेक्षा सरस ठरलेली नाही. तेव्हा दूध बंद, गहू बंद, भात बंद अशा याद्या कोणी हातात दिल्या, तर कारण विचारा. एखादा पदार्थ तुम्हाला सोसतच नसेल तर गोष्ट वेगळी.

उपयोगी पडतं ते साधं आहे. ताटातल्या पिठूळ पदार्थासोबत दर वेळी प्रथिनं आणि चोथा असू द्या, म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दही यातलं काही आणि भरपूर भाजी. साखर रक्तात सावकाश चढते आणि तासाभरात पुन्हा भूक लागत नाही. गोड पेयं सोडणं हा एकच बदल करायचा असेल तर मी तो निवडेन. दिवसभर उपाशी राहून रात्री तुटून पडण्यापेक्षा ठरल्या वेळी खाणं केव्हाही चांगलं. एका वेळी एकच बदल करा, तो दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडू द्या, मग दुसरा.

व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा, आणि त्यातले सलग नसलेले दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. दुसऱ्या भागाकडे, म्हणजे वजन उचलणं, उठाबशा, भिंतीला टेकून दंड काढणं, याकडे बायकांचं लक्ष कमी जातं. खरं तर रक्तातली साखर सर्वांत जास्त वापरतात ते स्नायूच, आणि व्यायाम करताना ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ती ओढून घेतात. म्हणून काटा जागचा हलला नाही तरी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. शून्यापासून सुरुवात असेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं पुरे.

आता वजनाबद्दल. जास्त असेल आणि ५ ते १० टक्के उतरलं, तर अनेकींची पाळी सुधारते. ८० किलोच्या स्त्रीसाठी हे ४ ते ८ किलो, चाळीस नव्हे. पण वजन उतरवणं ही उपचार मिळण्याची अट असता कामा नये. दर भेटीत फक्त वजनावर बोलणं संपत असेल, तर शांतपणे विचारा: ‘याच तक्रारी घेऊन सडपातळ बाई आली असती, तर तुम्ही तिला काय उपचार दिले असते? तेही मला सांगाल?’ वजनावरून मिळणारी हेटाळणी आरोग्याला अपाय करते, ही गोष्ट आता मार्गदर्शक सूचनांतही नमूद आहे. कडक डाएटमागून खाण्यावरचा ताबा सुटण्याचे प्रकारही पीसीओएसमध्ये जास्त दिसतात. लपून, पोट दुखेपर्यंत खाल्लं जात असेल तर त्याला उपचार आहेत. तेव्हा नवं डाएट शोधू नका, मदत घ्या.

मेटफॉर्मिन हे औषध इन्सुलिनच्या बाजूने काम करतं. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात म्हणून कमी मात्रेपासून, जेवणासोबत, सावकाश वाढवत नेतात. सावकाश विरघळणारी गोळी बऱ्याच जणींना सोसते. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं, ते मधूनमधून तपासून घ्या. इनोसिटॉलची चर्चा खूप आहे. त्याने अपाय फारसा दिसलेला नाही, पण फायद्याचा पुरावाही तोकडा आहे. घेत असाल तर डॉक्टरांना माहीत असू द्या. ‘पीसीओएस मुळापासून बरा’ असं लिहिलेली पावडर किंवा काढा घेऊ नका. हा आजार आयुष्यभर आटोक्यात ठेवता येतो, मुळापासून काढणारं औषध आज नाही.

झोपेचा मुद्दा जवळजवळ कोणी काढत नाही. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार पीसीओएसमध्ये जास्त आढळतो. मोठ्याने घोरणं, सकाळी डोकं जड होणं, पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येणं ही त्याची लक्षणं. दुपारी गळून जाण्याचं कारण आळस नसून हे असू शकतं, आणि त्याची वेगळी तपासणी आणि उपचार आहेत.

सहावी पायरी: मन

पीसीओएस असलेल्या स्त्रियांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, म्हणून निदान झालेल्या प्रत्येकीला याबद्दल विचारलं जावं अशी शिफारस आहे. विचारलं जात नाही, त्यामुळे स्वतःच स्वतःला विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, हताश वाटत होतं का? आवडत्या गोष्टींतलं मन उडालंय का? उत्तर हो असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘हार्मोन्समुळे होतंय, पाळी सुधारली की जाईल’ म्हणत वाट पाहू नका. जगणं नको वाटण्यापर्यंत विचार जात असतील, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

घरच्यांना किती सांगायचं हे तुम्ही ठरवायचं. जोडीदाराला मात्र सांगावं असं मला वाटतं, कारण शरीराबद्दलच्या संकोचाने जवळीक टाळली जाते आणि समोरच्याला वाटतं, आपण नकोसे झालोय. ‘मला माझ्या अंगावरच्या केसांची लाज वाटते, म्हणून मी मागे सरते. तुझा काही दोष नाही’ एवढं वाक्य बोलायला अवघड आहे, पण पुष्कळ गैरसमज थांबवतं. वजनावर किंवा मुलावर सहज बोलणाऱ्यांना लांबलचक खुलासा द्यायची गरज नाही. ‘माझे उपचार चालू आहेत, यावर मला बोलायचं नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. कामाच्या ठिकाणी आजाराचं नाव न सांगताही ‘तपासणीसाठी महिन्यातून अर्धा दिवस लागेल’ असं मागता येतं.

सातवी पायरी: मूल हवं असेल तर, नको असेल तरी

पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मूल होतं, काहींना औषधाची मदत लागते. बीज तयार होण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. एरवी पस्तिशीच्या आत वर्षभर आणि नंतर सहा महिने प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जा असं सांगतात, पण पाळी फार अनियमित असेल तर एवढं थांबण्यात अर्थ नाही. बीज कधी बाहेर पडेल ते ओळखायला घरी वापरायच्या पट्ट्या एलएच हे संप्रेरक मोजतात. ते पीसीओएसमध्ये मुळातच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे पट्टी खोटी आशा दाखवते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत अंडाशय जास्त प्रतिसाद देऊन सुजण्याचा धोका तुम्हाला इतरांहून अधिक आहे, तो कसा टाळणार हे आधीच विचारून घ्या.

प्रयत्न सुरू करण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासा, फॉलिक ॲसिड सुरू करा, चालू औषधांची यादी दाखवा. गर्भारपणात मधुमेह आणि रक्तदाब होण्याचं प्रमाण जास्त असल्याने ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी सुरुवातीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. पहिल्याच भेटीत ‘मला पीसीओएस आहे’ हे सांगा. मधल्या काळात पाळी सुरळीत झालेली असेल तरीही.

आणि मूल नको असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. ‘लग्न झालं, मूल झालं की सगळं ठीक होईल’ हा वैद्यकीय सल्ला नाही. केस, मुरूम, साखर, झोप, मन यांच्यावरचे उपचार तुम्हाला तुमच्यासाठी मिळायला हवेत.

आठवी पायरी: दरवर्षीची तपासणी

रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजा. साखर निदानाच्या वेळी आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी, धोका किती त्यावरून. यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी सर्वांत भरवशाची, कारण नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यातून पीसीओएसमधला सुरुवातीचा बिघाड निसटतो. कोलेस्टेरॉल निदानाच्या वेळी एकदा पाहतात, पुढचं त्या आकड्यांवर ठरतं. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागत नाहीत.

वय वाढतं तशा पाळ्या अनेकींच्या आपोआप नियमित व्हायला लागतात आणि मग फाइल कपाटात जाते. इन्सुलिनची अडचण मात्र तशीच राहते, पाळी कायमची गेल्यावरही. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत पाळी हा विषय संपला तरी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या चालू ठेवायच्या, आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना पीसीओएसचा इतिहास पहिल्या ओळीत सांगायचा.